सूचना फलकावरची दुरुस्ती

वर्तमानपत्रात दुरुस्ती छापण्याचा एक नियम असतो. चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती द्यायची. तेहतीस वर्षं मी हा नियम पाळला. मंत्र्याच्या नावाखाली भलत्याच गृहस्थाचा फोटो गेला तेव्हा पाळला, एका जिवंत माणसाला आम्ही श्रद्धांजली वाहिली तेव्हाही पाळला. (ते गृहस्थ दुरुस्तीचा मजकूर स्वतःच लिहून घेऊन आले होते. मजकूर चांगला होता.) निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी हाच नियम मी आमच्या सोसायटीच्या सूचना फलकावर पाळला आणि दुसऱ्या मजल्यावरची समोरासमोरची दोन दारं, जी अठरा वर्षं दिवसभर सताड उघडी असायची, ती बंद झाली.

समोरचं दार दत्तारामचं. दत्ताराम, त्याची बायको रत्नप्रभा आणि मुलगी ऋतिका. आम्ही सगळे एकाच महिन्यात मुलुंडला राहायला आलो. ऋतिका तेव्हा सहा वर्षांची होती. आम्हाला मूलबाळ नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण पहिल्याच आठवड्यात तिने राधाला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलं, "काकू, तुमच्याकडे मुलगी नाही तर मी पाच वाजता येऊ का?" तेव्हापासून ती पाच वाजता येते. शाळेतून, कॉलेजातून, आता पवईच्या ऑफिसातून, आणि घरून काम करायचं असेल त्या दिवशी लॅपटॉप काखेत मारून. राधा पाच वाजता तीन कप आधण ठेवते. आमच्या घरात घड्याळ बंद पडलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

तर या ऋतिकाने कादंबरी लिहिली. किशोरांसाठी, कालप्रवासाची, अद्भुत वगैरे. नाव 'जुई आणि तिसरा-चौथा मजला'. सोळा वर्षांची जुई, तिच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबते आणि दार उघडतं ते थेट भूतकाळात. प्रकाशकाची अट होती की शंभर प्रतींची आगाऊ नोंदणी लेखिकेने आणावी. मी म्हटलं, इमारतीतल्या अठ्ठावीस माझ्याकडे लागल्या.

हस्तलिखित मी मागितलं नाही. आता हे वाक्य लिहितानाही मला घाम येतो. तालुक्याच्या वार्ताहराने पाठवलेली विहिरीत पडलेल्या म्हशीची बातमीसुद्धा फोन करून म्हैस नक्की म्हैसच होती ना, हे विचारल्याशिवाय मी सोडली नव्हती. पण ऋतिकाला सातवीपासून निबंध मीच शिकवलेले. लहानपणी ती विचारायची, "काका, काल गेला, म्हणजे कुठे गेला?" असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने कालप्रवासावर लिहिलेलं पुस्तक वाचून बघायचं काय? मी बसलो आणि फलकासाठी शिफारस लिहिली: 'अत्यंत रंगतदार आणि तर्कशुद्ध कादंबरी. प्रत्येक घरात असावी, असे मी खात्रीने सांगतो.' खाली नाव, पूर्वीचं पद आणि फ्लॅट नंबर.

ती लावायला सेक्रेटरी निलेशची परवानगी लागते. निलेश पस्तिशीचा, विमा क्षेत्रातला, नियमांचा भोक्ता.

"काका, बोर्डावर तीनच हेडिंग आहेत," तो म्हणाला. "पाणी, लिफ्ट आणि दुःखद. पुस्तक कशात बसवू?"

"दुःखद नको."

"लिफ्टचं आहे ना पुस्तक?"

"कादंबरी आहे रे."

"मग लिफ्टखाली नको. लोकांना वाटेल लिफ्ट चालू झाली. पाण्याखाली लावतो. पण अर्ज द्या. दोन प्रतींत."

मी दोन प्रतींत अर्ज दिला. शिफारस 'पाणीपुरवठा' या मथळ्याखाली लागली. प्रकाशन समारंभासाठी हॉल मागितला तर कळलं की हॉल फक्त कौटुंबिक कार्यक्रमांना मिळतो. साहित्यिक कार्यक्रमाला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो आणि सभा होती सात महिन्यांनी.

"मगे बारसा म्हणान लिही ना," दत्ताराम त्याच्या मालवणीत म्हणाला. "पुस्तकाचा बारसा. खोटा काय हा त्यात?"

हॉलच्या अर्जात 'बाळाचे नाव' या रकान्यात मी 'जुई' लिहिलं. रत्नप्रभावहिनींनी खरोखरच घुगऱ्या केल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या मधुवंतीबाई, म्हणजे आमच्या इमारतीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, सवयीने पाळणा म्हणू लागल्या आणि दोन कडवी होईपर्यंत त्यांना थांबवायचं कोणाला सुचलं नाही. पुस्तकं त्या सकाळीच टेम्पोतून आली होती. मी पंधरा मिनिटं बोललो. टाळ्या झाल्या. अठ्ठावीस फ्लॅटपैकी सव्वीस घरांत पुस्तक गेलं. उरलेले दोन बंद होते.

सोमवारी सकाळी मी ते वाचायला घेतलं.

पान एकतीसवर नियम सांगितला आहे की या लिफ्टमधून भूतकाळात कोणतीही वस्तू नेता येत नाही. पान अठ्ठावन्नवर जुई तीनशे वर्षांपूर्वीच्या एका गडावर खिशातून मोबाइल काढते. पान सत्त्याहत्तरवर त्याचं चार्जिंग संपत येतं. पान नव्वदवर ते पूर्ण भरलेलं आहे. गडावर चौदा दिवसांत तीन पौर्णिमा होतात. जुईची आजी पान शहाण्णववर वारते आणि पान एकशे एकवीसवर थालीपीठ थापते. वीरसेन नावाचा एक राखाडी डोळ्यांचा हेर आहे. त्या डोळ्यांत 'शतकं साचलेली' आहेत आणि ती नऊ वेळा साचतात. जुईला सगळा काळ मोकळा आहे. ती काय करते? एकशे चाळीस पानं त्याच्या डोळ्यांकडे बघते.

ही सगळी किरकोळ बाब आहे. चुका कोणाच्याही होतात. मला लागलं ते वेगळंच. काल गेला म्हणजे कुठे गेला, हा प्रश्न दोनशे अठरा पानांत कुठेही नव्हता. तो विचारणारी मुलगी कुठेतरी हरवली होती आणि तिच्या जागी कोणीतरी ठरावीक गोष्टी ठरावीक क्रमाने मांडून ठेवल्या होत्या. मी पुस्तक मिटलं आणि लक्षात आलं की 'दुःखद' हे हेडिंग मी विनाकारण नाकारलं.

पाच वाजता ऋतिका आली. "काका, वाचलंत?"

"वाचतोय."

मंगळवारी वाचत होतो. बुधवारी वाचत होतो. पुढच्या सोमवारी ती म्हणाली, "काका, तुम्ही तर म्हणायचात, अख्खं पान वीस मिनिटांत तपासून सोडायचो."

"सावकाश वाचावं असं आहे," मी म्हणालो. राधाने माझ्याकडे पाहिलं आणि बिस्किटांचा डबा ऋतिकापुढे सरकवला.

दरम्यान वाचकांच्या प्रतिक्रिया जिन्यातच येऊ लागल्या होत्या. मधुवंतीबाईंनी मला दुधाच्या पिशव्यांसकट अडवलं.

"राजारामभाऊ, तुमच्या शब्दावर नातीला दिलं हो. ती म्हणते, आजी, हे आजोबा पेपरात खरंच कामाला होते का?"

हा घाव होता. मी त्यांनाच सल्ला विचारला, काय करावं.

"'स्तुत्य प्रयत्न' म्हणायचं. पस्तीस वर्षं मी प्रगतिपुस्तकावर तेच लिहिलं. एकाही पालकाने विचारलं नाही, कसला प्रयत्न."

राधाचा सल्ला आणखी छोटा होता. "तिला एकटीला सांगा, नाहीतर गप्प बसा."

दोन्ही सल्ले उत्तम होते, आणि दोन्ही माझ्या धंद्यात बसत नव्हते. माझा युक्तिवाद असा होता: चूक ऋतिकाची नाही, माझी. मी न वाचता शिफारस केली, तीही जाहीर. सव्वीस घरांची दिशाभूल झाली. तेव्हा दुरुस्ती माझी, आणि ती जिथे चूक झाली तिथेच द्यायला हवी. यात ऋतिकाचा संबंधच येत नाही. हा युक्तिवाद मी अकरा दिवस सर्व बाजूंनी तपासला. त्यात मला एकही भोक सापडलं नाही. यावरूनच शहाण्या माणसाने सावध व्हायला हवं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी मी पाणीपुरवठ्याखाली चार टाचण्यांनी कागद लावला:

'दुरुस्ती. या फलकावर "जुई आणि तिसरा-चौथा मजला" ही कादंबरी रंगतदार आणि तर्कशुद्ध असल्याचे म्हटले होते. सदर शिफारस पुस्तक न वाचता केली होती. वाचनानंतर ते रंगतदार नसल्याचे आढळले. तर्काबाबत सोबतची यादी पाहावी. सभासदांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.'

सोबतच्या यादीत सतरा मुद्दे होते, पान क्रमांकासह. मला ती संयत वाटली. एकही विशेषण नव्हतं.

दुपारपर्यंत तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर होता. आमच्या इमारतीत पुस्तक जेवढ्यांनी वाचलं त्याच्या तिप्पट लोकांनी यादी वाचली आणि, मला कबूल करायला हवं, जास्त आवडीने. पण सतरातला एकही मुद्दा टिकला नाही. कालप्रवासाच्या कादंबरीत चूक सिद्ध करणं हे पृथ्वीवरचं सर्वांत निष्फळ काम आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

"आजी मेली ती पुढच्या काळातली असेल, काका," पाचव्या मजल्यावरचा विकी म्हणाला. हा व्यायामशाळेत शिकवतो आणि त्याने पुस्तक उघडलंही नव्हतं. "थालीपीठवाली आधीची."

"आणि तीन पौर्णिमा?"

"मधे एकदा मागे गेली असेल ना ती. तीच पौर्णिमा परत आली. सिंपल आहे यार."

"चार्जिंग?"

"तेपण मागे गेलं. म्हणजे पूर्वी जेवढं होतं तेवढं."

संध्याकाळपर्यंत यादीखाली बॉलपेनने लोकांनी आपापले मुद्दे जोडले. अठरा: 'टाकीचे झाकण उघडे.' एकोणीस: 'जिन्यातील चपला.' वीस: 'बी विंगला वेगळा न्याय का?' मग निलेश आला. मला वाटलं तो विनापरवाना कागदाबद्दल बोलेल. तोही मुद्दा होता, पण त्याला झोंबला होता मुद्दा क्रमांक चार.

"'पान बावीस: लिफ्ट बटण दाबताच येते. हे इमारतीतील परिस्थितीशी विसंगत.' हे काय आहे काका? हे कमिटीवर डायरेक्ट आहे."

"कादंबरी याच इमारतीत घडते, असं पान एकवर आहे. त्यामुळे—"

"मी तुम्हाला लेखी खुलासा मागतोय. दोन प्रतींत."

हे सगळं मी सहन केलं. उलट, थोडी मजाही वाटली. पाच वाजले. राधाने तीन कप आधण ठेवलं. सव्वापाचला तिने तिसरा कप ताटलीने झाकला. पावणेसहाला तो ओतून दिला.

सहा वाजता दत्ताराम आला. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याने बेल वाजवली. आत आला नाही.

"तुका काय गरज होती रे?" एवढंच म्हणाला.

"दत्ता, मी स्वतःची चूक—"

"माझ्या चेडवाचा नाव तू पाण्याच्या बोर्डार लावलंस. माका तरी आधी सांगूचा होता." त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "माझो बापूस गिरणीत होतो. सही करूक येय नव्हती. त्याच्या नातीचा छापलेला नाव बघून मी चार दिवस पुस्तक देवापुढे ठेवलंय. मी वाचूक नाय तां. माका वाचूची गरज नाय."

मागून रत्नप्रभावहिनी म्हणाल्या, "चला हो आत. भावोजींना अठरावा मुद्दा सुचेल."

त्यांचं दार बंद झालं. मग आमचं मी बंद केलं. उघडं ठेवून बंद दाराकडे बघत बसणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशीही तिसरा कप वाया गेला. तिसऱ्या दिवशी राधाने यादी मागितली. मी माझी प्रत दिली. ती चष्मा लावून पहिल्यापासून वाचत गेली आणि अकराव्या मुद्द्यावर थांबली.

'पान १४२: शेजारच्या काकूंना लिफ्टमधून कुठल्याही काळात एकदा जाण्याची संधी मिळते. त्या एक अतिसामान्य दुपार निवडतात, जिच्यात काहीही घडत नाही. पात्राच्या या वर्तनाला कारण दिलेले नाही.'

"हे मी सांगितलं होतं तिला," राधा म्हणाली.

"काय?"

"तिने विचारलं, काकू, एकदाच जाता आलं तर कुठे जाल? मी सांगितलं."

"कुठली दुपार?"

"तुम्ही घरी होतात. दिवे गेले होते. ऋतू आपल्या दोघांच्या मध्ये झोपली होती आणि तुम्ही पुठ्ठ्याने तिला वारा घालत होतात. दीड-दोन तास घातला असेल. फोन वाजला तर उचलला नाहीत."

मला काहीही आठवलं नाही. मी मनात ते वर्ष शोधू लागलो, उन्हाळा असणार, भारनियमन, कदाचित संपाचा दिवस. "तारीख कुठली असेल?" मी विचारलं.

राधाने चष्मा काढून मिटला. "तारीख विचारताय," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी पान एकशे बेचाळीस पुन्हा काढलं. साडेचार ओळी. पहिल्या वाचनात मी त्यांच्याकडे फक्त कारणासाठी पाहिलं होतं. आता नीट वाचल्या. काकू लिफ्टमध्ये शिरतात, त्या दुपारी उतरतात, दाराशी उभं राहून तिघांना आडवं पडलेलं बघतात आणि कोणाला न उठवता परत येतात. काल गेला तो कुठे गेला, याचं उत्तर तिथे होतं. ते उत्तर मी पान क्रमांकासह चूक म्हणून छापलं होतं. (वाक्यं तरीही सैल होती. चौथ्या ओळीतलं 'जणू' मी आजही काढीन. पण हे कोणाला सांगायचं?)

मी दुरुस्तीची दुरुस्ती लिहिली: 'मुद्दा क्र. ११ मागे घेत आहे.' निलेशने ती परत केली. कमिटीने तातडीच्या बैठकीत ठराव केला होता की फलकावर यापुढे साहित्यविषयक मजकूर, त्याचे खंडन अथवा खंडनाचे खंडन लावता येणार नाही. सूचक, अनुमोदक आणि तारखेसह. ठरावाची भाषा निर्दोष होती.

शेवटी मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते पंधराव्या-सोळाव्या दिवशी करायला निघालो. ऋतिका सकाळी साडेआठला पवईच्या बससाठी निघते. मी फाटकाशी उभा राहिलो. ती आली, मला पाहून थांबली. पळून गेली असती तर सोपं झालं असतं.

"ऋतिका, अकरा नंबर चुकला माझा."

"ठीक आहे काका."

"बाकीचे सोळा—"

"बाकीचे सोळा बरोबर आहेत. मला माहितीये. आठ तर मलाच छापून आल्यावर दिसले." तिने बॅगचा पट्टा खांद्यावर नीट केला. "अकरा दिवस मी रोज येत होते ना? समोर बसून चहा पीत होते. तुम्ही सतरा काय, सत्तर सांगितले असते तर मी वही काढून लिहून घेतले असते. सातवीत घ्यायचे तसे. मी त्यासाठीच विचारत होते."

"चूक जिथे छापली जाते तिथेच दुरुस्ती—"

"मी बोर्ड आहे का, काका?"

तेहतीस वर्षं लोक रागावून ऑफिसात यायचे, त्यांच्यासाठी आमच्याकडे एक वाक्य असायचं: आपल्या भावना पोहोचल्या. ते तोंडापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं, एवढंच माझ्या बाजूने नोंदवतो.

"तुम्ही पंधरा मिनिटं भाषण केलंत तेव्हा मला वाटलं, काकांनी वाचलंय," ती म्हणाली. "तेवढंच वाटलं होतं मला. बाकी लोकांचं काय, ते घुगऱ्यांना आले होते." मग बस दिसली आणि ती गेली.

त्या रात्रीच्या जेवणात राधा म्हणाली, "उद्यापासून पाच ते सहा फिरायला जात जा. डॉक्टरांनी सांगितलंच आहे."

"डॉक्टरांनी सकाळचं सांगितलंय."

"ती येणार आहे," राधा म्हणाली. "तुम्ही नसाल तर."

मी भात संपवला. मग विचारलं, किती वाजता निघू? राधा म्हणाली, पाचला पाच कमी असताना.

आता याला दोन महिने होत आले. मिठागर रोडच्या बागेत चार बाकं आहेत, त्यातलं दुसरं सावलीत असतं. तिथे माझ्याच वयाचे काही लोक बसतात. त्यांना वाटतं मी प्रकृतीबद्दल फार दक्ष आहे. सहाला मी उठतो, सहा वाजून दहा मिनिटांनी घरी पोचतो. ओट्यावर दोन कप पालथे असतात. पहिल्या आठवड्यात मी काही विचारलं नाही. परवा राहवलं नाही.

"काय म्हणत होती?"

"दुसरी कादंबरी लिहितेय."

"कशावर?"

"ते तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली."

"आणि पहिली कशी चाललीये?"

"प्रकाशक म्हणतात बरी चाललीये. मुलींना तो वीरसेन आवडलाय."

मी मान डोलावली. स्तुत्य प्रयत्न, असं म्हणणार होतो, पण राधा बघत होती.

काल ऋतिकाचं काम लवकर आटोपलं असावं. पावणेपाचला मी चपला शोधत होतो तेव्हा समोरचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग आमच्या दारावर दोन टकटक. दार उघडं असलं तरी ती तशीच वाजवते, सहा वर्षांची होती तेव्हापासून. राधाने माझ्याकडे पाहिलं. मी हातानेच थांब म्हटलं, चपला उचलल्या आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. पलंगाच्या कडेवर बसलो. बाहेर आधण उकळलं, कप वाजले. मग ती काहीतरी वाचून दाखवू लागली. लोटलेल्या दारातून शब्द कळत नव्हते, फक्त तिचा आवाज येत होता, मधे थांबत, मागे जाऊन तेच वाक्य पुन्हा म्हणत. एका ठिकाणी राधा हसली. मी चपला मांडीवर घेऊन सव्वा तास बसलो. शिंक आली ती उशीत दाबली.